सत्तावीस नंबरची शेळी

शेळ्यांच्या कानाला भोकं पाडायची असं तेजस्विनीने सांगितलं आणि तोवर मान डोलावणारी वाडी एकदम फिरली.

तळेघरच्या वरच्या अंगाला, एसटी जिथून वळून परत जाते तिथून तासभर चढून गेलं की ही तेरा घरांची वाडी लागते. आषाढ तोंडावर आला होता, माणसं चिखलणीच्या घाईत होती, तरी देवळाच्या ओट्यावर झाडून सगळी जमली होती. कारण गोष्ट शेळ्यांची होती. मागच्या पावसात वाडीतली निम्मी शेळी जंतानं गेली. आधी डोळ्याची पापणी आतून पांढरी पडायची, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि एका सकाळी शेळी उठायचीच नाही. दवाखान्याचं औषध पाजून लोक दमले. जंत त्या औषधाला सरावले होते, त्यांना ते ताकासारखं लागत होतं.

चिमाबाईच्या सातांतल्या सहा शेळ्या तशाच गेल्या. सहाही तिने आणि हौशीरामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ओढत नेऊन ओहोळापलीकडे पुरल्या. उरली एक तांबडी, कपाळावर चांद असलेली. तिच्या पोटची पिलं झाली तर गोठा परत उभा राहणार, नाही तर गोठ्यात नुसती दावी लोंबत राहणार, एवढा सरळ हिशेब होता.

तेजस्विनी ही चिमाबाईची भाची. चिमाबाईचा भाऊ टोमॅटोच्या हमालीला म्हणून वारूळवाडीला उतरला आणि तिथलाच झाला. त्याची पोरगी जनावरांच्या डॉक्टरकीची वरची परीक्षा देत होती आणि प्रयोगासाठी तिने आत्याचीच वाडी धरली होती. जुनं औषध एका बाजूला, एक नवीन औषध दुसऱ्या बाजूला. चाळीस शेळ्या, वीस इकडे, वीस तिकडे. पावसाळ्यात महिन्याला एक, असे तीन डोस पाजायचे आणि दिवाळीला मोजायचं, कुठल्या बाजूच्या किती मेल्या. फरक सिद्ध झाला तर पुढच्या पावसात डोंगरपट्ट्यातल्या सगळ्या वाड्यांना नवं औषध फुकट यायचं, असं वरून कबूल झालं होतं. इथपर्यंत सगळ्यांना पसंत होतं. मग तिने पिशवीतून कानातल्या बिल्ल्यांची माळ काढली.

"कानाला खोट आली मंजी ते जनावर देवाला चालत न्हाई," सावळेराम म्हणाला. तो वाघोबाचा भगत, त्याच्या शब्दावर वाडी उठायची बसायची. "उद्या वाघबारसेला नवस फेडायचा तर बोकड काय तुझ्या कालिजातनं आणायचा का?"

"बाबा, बारीक भोक असतं. शेळ्यांना तर कुणी नवसाला सोडत नाही."

"आज शेळी टोचशीला, उद्या तिचं करडू टोचशीला. खोट ती खोट."

बायकांनीही मान हलवली. घोळात घोळ घालून दोन तास गेले आणि शेवटी मांडवली अशी झाली की कान टोचायचे नाहीत, गळ्यात नंबर घातलेले प्लॅस्टिकचे पट्टे बांधायचे. निळे वीस, पिवळे वीस. तेजस्विनीने वहीत काहीतरी लिहिलं आणि आत्याजवळ बसत पुटपुटली, "बिल्ला निघत नाही गं, पट्टा निघतो." चिमाबाई तेव्हा तंबाखू मळत होती, तिने नुसतं हूं केलं.

चिठ्ठ्या टाकल्या त्या कळशीत. ज्याची शेळी त्याने हात घालायचा. चिमाबाईच्या तांबडीला निळी चिठ्ठी निघाली, नंबर बारा. तिच्या मागोमाग तिची धाकटी जाऊ साळुबाई आली. साळुबाईचा नवरा काविळीनं गेला त्याला चार वर्षं झाली होती. त्या साली चिमाबाईने आपल्या गोठ्यातली एक पाट, म्हणजे कोवळी मादी, तिच्या दावणीला नेऊन बांधली होती, तांबडीचीच जुळी बहीण. साळुबाईने तिचं नाव चांदणी ठेवलं. कपाळावर तोच चांद, अंगावर तोच रंग, दोघी एकत्र चरायला लागल्या की हौशीरामलाही हाक मारल्याशिवाय उमगत नसे. चांदणीला पिवळी चिठ्ठी निघाली, नंबर सत्तावीस.

"पिवळं चांगलं का निळं गं पोरी?" साळुबाईने विचारलं.

"मलाच माहीत नाही, साळूआत्या. बाटल्यांवर नुसते रंग आहेत. कशात काय ते सरांच्या कपाटात, पाकिटात बंद आहे."

"औशीद पाजणारीलाच ठावं न्हाई?" साळुबाई हसायला लागली. "मग जुगारच की ह्यो."

"ठाऊक असलं की हात मऊ होतो, म्हणून ठेवत नाहीत," तेजस्विनी म्हणाली. वाडीला ते काही पटलं नाही. पोरगी शिकली-सवरलेली, तिला ठाऊक असणार, पण सांगत नाही, असंच सगळ्यांनी धरलं.

पाऊस लागला. सावडीने लावणी सुरू झाली, आज एकीच्या खाचरात तर उद्या दुसरीच्या, वाकून वाकून बायकांच्या कमरा धरल्या, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. आणि त्यातच शेळ्या मरायला लागल्या. पहिल्या डोसनंतर पंचवीस दिवसांत तीन. सावळेरामची एक, दादाभाऊच्या दोन. तिन्हींच्या गळ्यात निळे पट्टे.

चिमाबाई शाळेत गेली नव्हती, पण मोजता येत होतं. निळ्यातल्या तीन, पिवळ्यातली एकही नाही. ती रोज सकाळी तांबडीचं डोकं काखेत धरायची आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून बघायची. लाल होती ती गुलाबी झाली. गुलाबी होती ती फिकी व्हायला लागली. पलीकडच्या दावणीत साळुबाईची चांदणी टुणटुणीत होती, पापणी डाळिंबाच्या दाण्यासारखी.

दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी तेजस्विनी मुक्कामाला आली. चिमाबाईने तिला गरम भाकरी वाढली आणि तवा खाली उतरवायच्या आधीच विषय काढला.

"तांबडीला पिवळा पट्टा बांध."

"नाही बांधता येत, आत्या."

"तीन मेल्या निळ्यातल्या. डोळं फुटलं का तुजं?"

"तीनावर काही कळत नाही. नाणं तीनदा उडवलं तर तीनदा छापा पडतोच की कधीकधी. म्हणून तर चाळीस घेतल्यात."

"मेली ती शेळी हाय, नाणं न्हवं."

तेजस्विनीने भाकरीवरचा हात मागे घेतला. "आत्या, आज तुझी बदलली तर उद्या दादाभाऊ म्हणेल माझी बदल. मग मोजायचं काय? आणि निळं खराब आहे हेही मला माहीत नाही. दिवाळीपर्यंत कळ काढ."

कळ काढ म्हणणं सोपं असतं. ज्याच्या दावणीला एकच शेळी उरली आहे त्याला दिवाळी फार लांब दिसते. चिमाबाईने तवा खाली उतरवला, पण तिचा राग भाचीवरून उठून दुसरीकडेच जाऊन बसला. पाट मीच दिली होती, असं तिच्या मनात आलं. माझ्याच गोठ्यातली, माझ्याच हातची, आणि चांगली चिठ्ठी मात्र तिच्या हाताला.

सकाळी साळुबाई भाताच्या रोपांच्या, आवणाच्या मुठी डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली. "आक्का, आज माझी सावड हाय खालच्या अंगाला. माझी चांदणीबी तूच नेशील का औशीद पाजाया?"

"नेते की," चिमाबाई म्हणाली. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, असं ती पुढे स्वतःला कितीदा तरी सांगत राहिली.

दोन्ही शेळ्या दोन हातात धरून ती निघाली. पाऊस तिरपा होता, पाठीवर इरलं होतं. ओहोळाजवळ हिरड्याच्या झाडाखाली ती पायाला लागलेली जळू काढायला बसली. जळू निघाली, रक्त थांबेना. शेळ्या दोन्ही बाजूंनी तिला अंग घासत उभ्या होत्या, आणि दोघींचे गळे तिच्या तोंडासमोर होते. तिने इकडं तिकडं पाहिलं. चिखल्यांनी सोलवटलेल्या बोटांना बक्कल निघता निघेना, तेव्हा तिने ते दाताने ओढलं. बारा नंबर चांदणीच्या गळ्यात गेला, सत्तावीस तांबडीच्या. सगळं मिळून एका चिलमीचाही वेळ लागला नाही.

देवळाच्या ओट्यावर तेजस्विनीने नंबर वाचले, पापण्या ओढून पाहिल्या, वहीत आकडे लिहिले. तांबडीच्या घशात पिवळ्या बाटलीतलं औषध गेलं, चांदणीच्या घशात निळ्या. आत्याला घाम आलेला पाहून ती म्हणाली, "दमलीस का गं? बस जरा." परतताना हिरड्याखाली पट्टे परत जागच्या जागी गेले. नाही तर साळुबाईने ओळखलं असतं.

भादव्यात तिसरा डोस झाला. त्या दिवशी साळुबाई तापाने पडली होती. तिने पुन्हा निरोप धाडला, आणि चिमाबाईने पुन्हा तेच केलं. या वेळी बक्कल हाताला सरावलं होतं.

निळ्या पट्ट्यांच्या शेळ्या मरतच होत्या, चार, पाच, सहा. मधेच एका संध्याकाळी दादाभाऊची पिवळी शेळी बिबट्याने बांधावरून उचलली. त्यावरून ओट्यावर वाद झाला. दादाभाऊ म्हणाला, "हिला औशीद काय करनार? ही धरू नगा." तेजस्विनीने ऐकलं नाही. "काका, सुरुवातीलाच लिहून ठेवलंय, मेली ती मेली, कारण बघायचं नाही. मागनं एकेक वगळायला लागलं की माणूस आपल्याला हवी तेवढीच वगळतो." दादाभाऊ हसला आणि बाकीच्यांना म्हणाला, पोरगी लई कडक हाय.

तांबडी सुधारली. पापणी लाल झाली, अंगावर तकाकी आली, ती माजावर आली आणि बोकड दाखवला तेव्हा गाभण राहिली. आणि नवरात्राच्या आधी चांदणीच्या जबड्याखाली पिशवी लोंबायला लागली.

साळुबाईने काय नाही केलं. गुळाचं पाणी पाजलं, नाचणीची आंबील पाजली, अंगारा लावला. शेवटी शेळी खांद्यावर घेऊन ती तासभर उतरून तळेघरला गेली, तिथून जीपने डॉक्टरकडे, आणि दुसऱ्या दिवशी शेळी तशीच खांद्यावर घेऊन परत आली. चांदणी तिच्या दारातच गेली. चिमाबाई जाऊन बसली तिच्याजवळ. बसणं भागच होतं, एका भिंतीचा शेजार. साळुबाईने शेळीचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

"माझ्या नशिबाला पिवळा पट्टाबी फळला न्हाई गं आक्का," ती म्हणाली. "तुझी निळ्यात ऱ्हाऊन जगली. ज्याचं त्याचं नशीब."

चिमाबाईला रडू फुटलं. खोटं नव्हतं ते रडणं. पण खरं कशासाठी होतं हे सांगायची तिची छाती झाली नाही, आणि साळुबाई उलट तिलाच गप करायला लागली.

दिवाळी उरकल्यावर तेजस्विनी निकाल घेऊन आली. ओट्यावर पुन्हा सगळी जमली. तिचा चेहरा बघूनच माणसं ओळखून चुकली.

"पाकीट उघडलं," ती म्हणाली. "पिवळ्यात नवं औषध होतं."

"ते आमाला श्रावणातच ठावं झालं व्हतं," सावळेराम म्हणाला.

"निळ्यातल्या सात गेल्या, पिवळ्यातल्या दोन. पण फरक सिद्ध झाला नाही."

 मग दादाभाऊ उठून उभा राहिला. "सात कुठं आन दोन कुठं. फरक न्हाई म्हनतीस?"

"फरक नाही असं नाही म्हणत, काका. सिद्ध झाला नाही म्हणते. असं बघा. समजा दोन्ही औषधं सारखीच असती, तरी नुसत्या चिठ्ठ्यांच्या नशिबानं एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात किती वेळा पडला असता? ते मोजायची कसोटी असते. पाचाच्या आत आलं तर मानतात. आपलं तेरा आलं."

"मग औशीद?"

"नाही येणार. फाईल बंद केली."

माणसं एकेक करून उठली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. पुढच्या पावसात पुन्हा तेच जुनं औषध पाजायचं आणि पुन्हा खड्डे खणायचे, हे सगळ्यांना न बोलताच कळलं होतं.

दुपारी तेजस्विनी आत्याकडे जेवायला बसली. हौशीराम रानात गेला होता. पोरगी भाकरीचे नुसते तुकडे करत होती.

"सर म्हणाले, बिबट्यानं नेलेली वगळ, मग चाराच्या आसपास येतंय, आत बसतंय," ती ताटात बघत म्हणाली. "मी नाही म्हटलं. आधी लिहिलंय ते लिहिलंय. ते म्हणाले, मग बस वर्षभर रडत." तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. "एकच शेळी गं आत्या. पिवळ्यातली एक जगली असती आणि निळ्यातली एक गेली असती, तर आकडा दोनावर आला असता. सगळ्या डोंगराला औषध मिळालं असतं. एका शेळीनं घात केला."

चिमाबाई चुलीपुढे होती. तिने फुंकणी खाली ठेवली. या पोरीने डिग्री अडली तरी बिबट्याने खाल्लेली एक शेळी आकड्यातून काढली नाही, आणि आपण तिच्या डोळ्यांदेखत दोन जित्या शेळ्या उलट्यापालट्या केल्या. तिला तिथं बसवेना.

"पट्टं म्या बदललं व्हतं," ती म्हणाली.

तेजस्विनीने मान वर केली.

"दोन बारीला. माझ्या तांबडीला साळूचा पट्टा, साळूच्या चांदणीला माझा. औशीद पाजून झालं की परत जिथल्या तिथं. हिरड्याखाली."

पोरीने ताट बाजूला सारलं. मग तिने वही ओढली, भराभर पानं उलटली, बारा आणि सत्तावीस नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं.

"मग आता कर की बदल," चिमाबाई अजिजीने म्हणाली. "माझी पिवळ्यात लिव्ह, तिची निळ्यात. येतंय ना दोनावर?"

"येतंय." तेजस्विनी हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "निकाल लागल्यावर, माझीच आत्या सांगते म्हणून, मला हवा तोच आकडा येईल असं लिहू? कोण मानेल? आणि जी शेळी ज्या चिठ्ठीत निघाली तिथंच मोजायची असते, आत्या. मधे कुणी काय केलं तरी." तिने वही मिटली. "जे झालं ते जसंच्या तसं लिहावं लागेल. तुझी सही लागेल. आणि साळूआत्याला बोलवावं लागेल. शेळी तिची होती."

"तिला नगं गं."

"शेळी तिची होती," तेजस्विनी पुन्हा म्हणाली, आणि स्वतःच उठून हाक मारायला गेली.

साळुबाई अंगावरचा भुसा झटकत आली, भात झोडपायचं काम टाकून. दारातच उभी राहिली. चिमाबाईने सांगितलं तेव्हा तिला नीट सांगताही आलं नाही. दोनदा मागून पुढून सांगून झालं. साळुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि चिमाबाईकडे न बघता तेजस्विनीला विचारलं, "मंजी माझी चांदणी जगली असती?"

"तसं सांगता येत नाही, साळूआत्या. एका शेळीबद्दल काही सांगता येत नाही. चाळीसांबद्दल सांगता येतं."

"तुझ्या शास्त्राला चाळीस व्हत्या," साळुबाई म्हणाली. "मला येकच व्हती."

मग ती चिमाबाईकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "आन तू माझ्यासंगं बसून रडलीस."

एवढं बोलून ती गेली. थोड्या वेळाने भात झोडपल्याचा आवाज परत सुरू झाला. तेजस्विनीने वहीतलं पान पुढे केलं, चिमाबाईने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

गोष्ट वाडीभर व्हायला एक दिवसही लागला नाही. पाणवठ्यावर चिमाबाई आली की कुणीतरी म्हणायचं, "आपापल्या कळशा वळखून ठेवा गं बायांनो," आणि बाकीच्या हसायच्या. नाचणीच्या मळणीला तिला सावडीत कुणी बोलावलं नाही. हौशीरामने तिला एका शब्दाने विचारलं नाही, पण तो रात्रीचा ओसरीवर निजायला लागला. वारूळवाडीहून भावाचा फोन आला. पोरीचं एक वर्ष तुझ्यापायी गेलं, म्हणाला, आणि मग दिवाळीची राहिलेली ओवाळणीसुद्धा आली नाही. माघात तांबडी व्याली, दोन पाटी झाल्या. एक पाट घेऊन चिमाबाई साळुबाईच्या दारात गेली. साळुबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने वर बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि पुन्हा पाखडायला लागली. चिमाबाई उभी राहून राहून पाट परत घेऊन आली.

पुढच्या आषाढाला तेजस्विनी पुन्हा आली. झालेलं सगळं तिने खरं लिहून दिलं होतं, म्हणून का होईना, तिला आणखी एक पावसाळा मिळाला होता. या वेळी खालची वाडीही घेतली तेव्हा कुठं साठ शेळ्या जमल्या. तिने बिल्ल्यांची माळ बाहेर काढली आणि ओट्यावर ठेवली. बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. सावळेरामने सगळ्यांकडे एकदा बघितलं, चिमाबाईकडे जरा जास्त.

"टोचा," तो म्हणाला. "देवाची समजूत मी घालतो."

मग प्रश्न आला तो औषध पाजायचा. तेजस्विनीला आता दोन वाड्यांचं काम होतं, वरच्या वाडीत बाटल्या सांभाळायला आणि पाजायला एक माणूस पाहिजे होतं. तिने घरटी नावं वाचली. वाचलेल्या प्रत्येक घरात एक तरी शेळी चिठ्ठीत होती. नावं संपली तेव्हा साळुबाईचं एकटीचं घर उरलं.

"साळूआत्या, तुम्ही पाजाल?"

"मला का?"

तेजस्विनीने नावांची वही मिटली. "तुमची एकही नाही म्हणून," ती म्हणाली.  साळुबाईने पदर खोचला आणि बाटल्यांची पिशवी आपल्याकडे ओढली.

डोसच्या दिवशी पाऊस धरून होता. शेळ्यांची रांग ओट्यापासून पार ओहोळापर्यंत गेली होती. साळुबाई एका घोंगडीवर बसून पाजत होती, घरवाले शेळीचा जबडा धरत होते. कुणाची शेळी आली की ती नावाने हाक मारून तिच्या पाठीवर थाप टाकायची, मग नंबर विचारायची. माणूस सांगायचा तो आकडा धरून बाटली उचलायची.

चिमाबाईचा नंबर आला. तिने तांबडीला पुढे घेतलं. कान नुकताच टोचलेला, बिल्ल्याभोवती अजून थोडं सुजलं होतं. साळुबाईने शेळीला हाक मारली नाही. तिच्या कपाळावरच्या चांदाकडे ती एक क्षण बघत राहिली.

"नंबर?" तिने विचारलं.

"नऊ," चिमाबाई म्हणाली.

साळुबाईने हातातली बाटली खाली ठेवली, शेळीचा कान धरून जवळ ओढला, बिल्ल्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि आकडा स्वतः वाचला.